आनंदा शेलारांचा युनिव्हर्सल अडॉप्टर

"या घरात जगातली कुठलीही वस्तू आण आणि लाव, चालणार म्हणजे चालणार!" आनंदा शेलारांनी लेकीला ठणकावलं. "अमेरिकेची असू दे, जपानची असू दे, नाहीतर चंद्रावरची असू दे. वायरिंग माझं आहे!"

शेलारांचं नाव आनंदा. ज्या आत्याने हे नाव ठेवलं तिने बाळ झोपलेलं असताना पाहिलं असणार, कारण जागेपणी या माणसाला शांत कुणी पाहिलेलं नाही. भाजीवालीने वर कोथिंबीर घातली नाही तर ते चिडत, आणि घातली तर ‘मी काय मागायला आलो होतो का?’ म्हणून चिडत. उभी हयात मोरिवलीच्या कारखान्यात मशीनच्या घरघरीवर ओरडून बोलण्यात गेली. पुढे मशीन सुटलं, नोकरी सुटली, आवाज मात्र पेन्शनसारखा चालू राहिला. अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या त्यांच्या चार मजली सोसायटीचे सेक्रेटरीही तेच होते, कारण दुसरं कुणी उभं राहतो म्हणालं की ते चिडत.

आणि वायरिंगचं म्हणाल, तर घराचा फ्यूज सारखा उडतो म्हणून एकदा त्यांनी रागाच्या भरात त्यात एवढी जाड तार ठोकून बसवली होती, की तिच्यावर ओली सतरंजी वाळत घालता आली असती. तेव्हापासून फ्यूज उडाला नव्हता. शेलार यालाच वायरिंग म्हणत.

लेक तेजल अमेरिकेहून आली होती ती भाऊ सुजितच्या लग्नाच्या बोलणीसाठी. मुलगी बदलापूरची, बेलवलीतली अनुया. सुजित आणि अनुया यांचं केव्हाच जमलेलं होतं. अनुयाचे वडील शरदचंद्र मास्तर, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, गरीब स्वभावाचे. त्यांचीही ना नव्हती. अडलं होतं ते मास्तरांच्या आईपाशी. कमळाबाई म्हणजे ऐंशी उलटलेली, जुन्या बेलवलीतली, शेतात राबलेली बाई. तिच्या शब्दाबाहेर घरातलं मांजरदेखील जात नसे.

त्याचं असं झालं. शेलार मंडळी पहिल्यांदा बेलवलीला मुलगी बघायला गेली, तेव्हा रिक्षावाल्याने एक गल्ली अलीकडे सोडलं. झालं! शेलारांनी भर रस्त्यात त्याची जी आरती ओवाळली, ती पुढच्या गल्लीत ओटीवर बसलेल्या कमळाबाईला शब्दन् शब्द ऐकू गेली.

"कोन वरडतंय रं?" तिने मास्तरांना विचारलं.

"पाहुणे आले वाटतं," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी म्हातारी डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जी गेली, ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आलीच नाही. नंतर म्हणाली, "पोरगा बरा हाय. बाप तापट हाय. मी त्यांचं घर बघनार, मानूस बघनार, मग बोलनार."

तर आज संध्याकाळी पाच वाजता कमळाबाई घर बघायला येणार होती. अंजनीने, म्हणजे शेलारांच्या बायकोने, सकाळीच नवऱ्याला देवासमोर उभं केलं होतं.

"आज चिडायचं नाही. म्हातारी निघून जाईपर्यंत तोंडातून वरचा सूर काढायचा नाही."

"मी चिडतोच कुठे?" शेलार एवढ्या जोरात म्हणाले की खिडकीतलं कबुतर उडालं.

"सुजितच्या आयुष्याचा प्रश्न आहे, अहो."

"माहीत आहे! सारखं सारखं सांगू नकोस, मला राग येतो!"

आता अडॉप्टरची गोष्ट. तेजल आल्यापासून घरात एक नवीच कटकट चालू होती. तिच्या अमेरिकेतल्या सगळ्या वस्तूंच्या पिना चपट्या, जिभेसारख्या. शेलारांच्या भिंतीतली भोकं गोल. चार्जर घुसवला की पडायचा. ती खाली उशी, उशीवर डबा, डब्यावर दिवाळी अंक असा ढीग रचून चार्जर भोकाशी टेकवून ठेवायची. कुणी शिंकलं की ढीग कोसळायचा. आणि मग ती बिचारी सहज म्हणून गेली, "पप्पा, आपल्याकडचे सॉकेट जरा लूज आहेत."

लूज! शेलारांना हा शब्द कानाखाली बसल्यासारखा लागला. ते तसेच उठले आणि उल्हासनगर गाठलं. तिथे कॅम्पातल्या इलेक्ट्रिकच्या गल्लीत मुकेश नावाच्या सिंधी दुकानदाराने त्यांच्यासमोर एक पांढरा ठोकळा ठेवला. आकाराने इडलीपात्रातल्या दोन इडल्या एकावर एक ठेवाव्यात तेवढा. पुढे सगळ्या देशांची भोकं, बाजूला मोबाईलच्या वायरी लावायच्या खाचा, डोक्यावर निळा दिवा.

"युनिव्हर्सल है, अंकल," मुकेश म्हणाला. "मोबाईल लगाओ, लॅपटॉप लगाओ, मस्त चलेगा. बस, गरम होनेवाली चीज मत लगाना हां. ये खाली पिन बदलता है, करंट नहीं बदल..."

पण नेमक्या त्याच क्षणी एका स्कूटरचा आरसा शेलारांच्या कोपराला घासून गेला होता. "ए! डोळे कॅम्पात गहाण ठेवलेत का?" करत शेलार वळले. स्कूटरवाला चौकाबाहेर जाईपर्यंत ते बोलत होते. मुकेशच्या सगळ्या बोलण्यातलं त्यांच्या कानात शिरलं ते एकच: मस्त चलेगा.

घरी येऊन त्यांनी ठोकळा भिंतीत खुपसला. निळा दिवा लागला. तेजलचा फोन पहिल्याच झटक्यात चार्ज व्हायला लागला. शेलारांची छाती फुगली!

"युनिव्हर्सल म्हणजे काय?" त्यांनी जेवताना सगळ्यांना विचारलं. "म्हणजे विश्वाचा! आतमध्ये यंत्रणा असते. वस्तू लावली की अडॉप्टर आधी तिला विचारतो, बाई गं, तू कुठली? मग त्या त्या देशाचा करंट सोडतो."

"असं असतं?" सुजितने विचारलं.

"नाही, मी खोटं बोलतोय!" शेलार चिडले. "उद्यापासून घरातले सगळे फोन इथेच लागतील. ती जुनी भोकं बंद!"

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी घरातले सगळे मोबाईल त्या एकाच ठोकळ्याला लटकले. गाईच्या आचळांना वासरं लागावीत तसे. पाहुणे यायच्या दिवशी फोन भरलेले हवेत म्हणून शेलारांनी स्वतः लावले होते.

पाच वाजायला आले. अंजनीने पोह्यांची तयारी केली होती. सुजित इस्त्रीचा शर्ट घालून, घाम येऊ नये म्हणून पंख्याखाली पुतळ्यासारखा उभा होता. तेजल आरशासमोर बसली आणि तिने बॅगेतून केस सरळ करायचा स्ट्रेटनर काढला. तिचे केस जन्माचे कुरळे, अगदी बापाच्या स्वभावासारखे. स्ट्रेटनरची पिन हातात धरून ती थबकली.

"पप्पा, हा तिकडचाच आहे हं. तिकडे एकशेवीसचा करंट असतो, आपल्याकडे दोनशेतीसचा. ह्याच्यावर काय लिहिलंय ते आधी बघू का?"

शेलारांनी डोळे मिटले. देवासमोर दिलेला शब्द आठवला. दात आवळून, अगदी गोड आवाजात ते म्हणाले, "तेजू, तुला माझ्यावर विश्वास नाही का?"

"तसं नाही पप्पा, पण हे तापणारं..."

"अडॉप्टरवर नाही?"

"अहो पप्पा, फोनचं वेगळं असतं..."

"आण इकडे!"

त्यांनी तिच्या हातातली वायर घेतली, एक फोन उपटला आणि पिन विश्वाच्या भोकात घातली. स्ट्रेटनरचा दिवा लागला. लागला म्हणजे काय, भडकला! तेजलने तो जवळ नेला तर गालाला धग लागली.

"बघ!" शेलार ओरडले. "तिकडे तापायला वेळ लागत असेल! भारतात बघ! भारतात!"

तेजलने भीत भीत एक बट स्ट्रेटनरमध्ये धरली. चर्र असा आवाज आला, फोडणीत मिरची पडल्यासारखा. जळक्या केसांचा वास सुटला. तिने हात खाली घेतला, तेव्हा स्ट्रेटनर तिच्या हातात होता आणि बटही त्याच्यातच होती. डोक्यावर नव्हती.

"आईऽऽ!"

पुढचं सगळं एका दमात झालं. स्ट्रेटनर फट् करून फुटला. निळा दिवा लाल झाला, मग काळा झाला. ठोकळा भिंतीतच मेणासारखा वितळायला लागला आणि त्याच्यातून नाकातोंडात जाणारा पांढरा धूर निघाला. एरवी कुणाच्याही घरात अशा वेळी फ्यूज उडाला असता. पण हे शेलारांचं घर होतं. फ्यूज जागचा हलला नाही! पंखा मजेत फिरत होता आणि धूर सगळ्या खोल्यांत वाटत होता.

"मेन बंद करा! खाली जाऊन मेन बंद करा!" अंजनी ओरडली.

शेलारांनी आधी लेकीला हाताला धरून दाराबाहेर ओढलं. तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. हात शाबूत होते. तरी त्यांनी पुन्हा एकदा पाहिले. आणि शेलारांची गंमत अशी, की भीती वाटली की त्यांना राग यायचा. हे त्यांना स्वतःला कधी कळलं नव्हतं, अंजनीला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

"काय पण देश!" ते कडाडले. "केस सरळ करायला वस्तू बनवतात आणि माणसाचं टक्कल करतात! आणि तुला कुणी सांगितलं होतं हा लावायला?"

"तुम्हीच लावलात, पप्पा!"

"मी लावला म्हणून तू केसाला लावायचा?"

आणि ते जिन्यावरून खाली धावले. चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत त्यांचा आवाज त्यांच्यापुढे पळत होता. त्या आवाजाच्या नादात, शेजारच्या लिफ्टचा पाळणा वर निघाल्याची घरघर त्यांना ऐकू आली नाही.

त्या लिफ्टमध्ये शरदचंद्र मास्तर होते. त्यांच्याजवळ, काठी टेकून, नवं लुगडं नेसलेली कमळाबाई. मास्तरांच्या हातात पेढ्यांचा डबा. पाहुणे वेळेच्या जरा आधीच पोचले होते, आणि वॉचमनने त्यांना अदबीने लिफ्टमध्ये बसवून, बटण दाबून, मग चहा प्यायला टपरीवर प्रयाण केलं होतं.

शेलारांनी मीटर रूमचं कुलूप काढलं. आत ओळीने मीटर, ओळीने खटके. आपलं कुठलं? मागच्या दिवाळीत जिन्याला रंग देताना रंगाऱ्याने आळस केला म्हणून शेलारांनी त्याला झापलं होतं, "एक इंच सोडायचा नाही! दिसेल ते रंगव!" रंगारी आज्ञाधारक निघाला. त्याने खटक्यांवरची नावंसुद्धा रंगवून टाकली होती. आता सगळे खटके एकसारखे पिस्ता रंगाचे.

"नालायक!" शेलार रंगाऱ्याला म्हणाले. रंगारी तिथे नव्हता, तरी म्हणाले. आणि मग कोपऱ्यातला तो सगळ्यात मोठा, अख्ख्या विंगचा दांडा दोन्ही हातांनी धरून त्यांनी खाली ओढला.

खाड्!

सगळी विंग मेली. पंखे थांबले, टीव्ही थांबले, पाण्याचा पंप थांबला. आणि मुळातच रांगत चढणारी, तळमजला सोडून पहिला मजला अजून न गाठलेली लिफ्टही, एक आचका देऊन, मध्येच थांबली.

शेलार मीटर रूमच्या दारात दांड्याकडे पाठ करून, हाताची घडी घालून उभे राहिले. वरून कोण कोण ओरडायला लागलं.

"लाईट गेली का?"

"गेली नाही, मी घालवलीय!" शेलार गरजले. "शॉर्टसर्किट झालंय! मी सांगेपर्यंत कुणी खाली यायचं नाही! कुणी हात लावून दाखवावा!"

इकडे वर, सुजितने तोंडाला रुमाल बांधून, लाकडी लाटण्याने तो वितळलेला ठोकळा भिंतीतून केव्हाच पाडला होता. धूर खिडकीतून निघून गेला होता. अंजनी जिन्याच्या कठड्यावरून हाक मारत होती, "अहो, निघालं ते! संपलं सगळं! चालू करा!"

शेलारांना त्यातलं फक्त ‘अहो’ ऐकू आलं.

"तू आत जा! मी आहे इथे!" ते ओरडले.

"अहो, पाहुणे येतील!"

"अहो अहो करू नकोस! मी बघतोय ना!"

आणि एवढ्यात ठोकाठोकी सुरू झाली. धाड! धाड! धाड!

शेलारांच्या कपाळाची शीर उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या कमलेशकडे महिनाभर फर्निचरचं काम चालू होतं. दुपारी ठोकू नका म्हणून शेलारांनी त्याला तोंडी सांगितलं होतं, लेखी सांगितलं होतं, आणि एकदा त्याच्या दाराबाहेर स्वतः थाळी वाजवून दाखवलं होतं. आणि आज, अख्खी इमारत जळता जळता वाचलेली असताना, हा पुन्हा ठोकतोय!

"बंद करा ती ठोकाठोकी!" शेलार वर तोंड करून ओरडले.

ठोकाठोकी थांबली. एक बाईचा आवाज आला. कुठून आला हे कळेना. खिडकी नसलेल्या अंधाऱ्या जिन्यात तो घुमत होता.

"आरं ए! कोन हाय तिकडं? दिवा लाव!"

कमलेशची सासू! शेलारांनी तत्काळ ओळखलं. गेल्या आठवड्यात ती गावाहून आल्याचं त्यांनी पाहिलं होतं.

"दिवा लागणार नाही, बाई! गप घरात बसा!"

"घरात? आरं मुडद्या, घरात आसते तर तुज्याशी कशाला बोल्ले आसते?"

मुडद्या! शेलारांना तिथल्या तिथे घाम फुटला. त्यांना आजवर समोरून कुणी मुडद्या म्हटलेलं नव्हतं. मागून म्हणत असतील.

"तोंड सांभाळून बोला! मी इथला सेक्रेटरी आहे!"

"कसला शेकेटरी? दिव्याचा का काळोखाचा?"

वर कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. शेलार आणखी पेटले.

"बाई, इथे आग लागली होती, आग!"

"कुठं?"

"माझ्या डोक्यात!"

"मग बस ना नळाखाली! आमाला कशाला कोंडतोस?"

"कोंडतोय? मी कोंडतोय? महिनाभर तुम्ही माझी झोप कोंडलीत! ठोक ठोक, ठोक ठोक! त्या सुताराला सांगा, हातोडी खाली ठेव म्हणावं!"

"सुतार? आरं कुनाला सुतार बोल्तोस? माजा ल्योक मास्तर हाय!"

"मास्तर असून हातोडी मारतो? लाज वाटत नाही?"

"हातोडी कुठली? पेढ्याचा डबा हाय त्याच्या हातात!"

मग एक पुरुषाचा, अगदी बारीक आवाज आला. "आई, जाऊ दे ना. साहेब, जरा ऐकता का..."

"तू मध्ये बोलू नकोस!" शेलार आणि ती बाई एकाच वेळी ओरडले.

बिचाऱ्या मास्तरांनी आपल्या मोबाईलवरून सुजितला किती फोन लावले, अंजनीला लावले, शेवटी खुद्द शेलारांनाही लावले. पण शेलारांच्या घरातले सगळे फोन विश्वाच्या ठोकळ्याबरोबर काळे पडून टेबलावर ओळीने निजले होते.

"एक सांगून ठेवतो, बाई," शेलार म्हणाले. आता त्यांचा आवाज बसायला लागला होता, पण हटायचं नव्हतं. "या सोसायटीत राहायचं असेल तर शिस्तीत राहायचं!"

"हितं ऱ्हायचं? हितं? थुत्! या काळोखात मी माजी कोंबडीबी ठेवनार नाय, पोरगी तर लांबची गोष्ट!"

"कोण पोरगी? तुमची पोरगी इथेच राहते ना?"

"अजून दिलेली नाय! आन आता देनार बी नाय!"

शेलार गोंधळले. कमलेशचं लग्न होऊन तर त्याला शाळेत जाणारा मुलगा होता. ही बाई काय बरळतेय? भांडणात उत्तर सुचलं नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्या रागात त्यांनी दांड्यावर एक गुद्दा मारला आणि हात चोळत बसले.

"काय रं? संपलं?" आवाज म्हणाला. "दम लागला? लिंबूपानी देऊ का?"

तेवढ्यात जिन्यावरून मोबाईलच्या बॅटरीचा उजेड खाली आला. उजेडामागे कमलेश होता. आणि कमलेशच्या मागे, त्याच्या दंडाला धरून, एकेक पायरी उतरत, त्याची सासू.

"शेलारकाका, कुणाशी भांडताय?" कमलेशने विचारलं. "आमच्याकडचे सुतार तर काल काम संपवून गेले."

शेलारांनी दोन पायऱ्या चढून जाऊन सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड बंद होतं. सासूबाई घाबरून नमस्कार करत होत्या.

"आरं ए शेकेटरी! मेलास का?" आवाज आला.

सासूबाईंचं तोंड बंदच होतं. आवाज चालू होता. शेलारांनी हळूहळू मान वळवली. आवाज लिफ्टच्या जाळीच्या दारामागून, वरून, अंधारातून येत होता. मास्तर. पेढ्यांचा डबा. पोरगी अजून दिलेली नाय. शेलारांच्या डोक्यातले खटके एकामागून एक पडत गेले.

"कमलेश," ते कुजबुजले. आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले, त्यामुळे ते कमलेशला ऐकूही गेलं नाही. "किती वाजले?"

मग ते मीटर रूमकडे असे धावले की चप्पल जिन्यातच राहिली. दांडा वर केला. खाड्! दिवे आले. सगळ्या मजल्यांवर "आलीऽऽ" असा जल्लोष झाला. लिफ्ट दचकून जागी झाली, जरा विचार केला, आणि वर न जाता खाली तळमजल्यावर आली. मास्तरांनी अंधारात दिसेल ते, म्हणजे न दिसेल ते, सगळं दाबून ठेवलं होतं.

जाळीचं दार सरकलं.

मास्तर घामाने चिंब झाले होते. त्यांच्या चष्म्यावर वाफ होती. कमळाबाई मात्र काठीवर दोन्ही हात ठेवून, मान ताठ करून उभी होती. पाटलीणबाई चावडीवर यावी तशी. ती बाहेर आली. शेलारांना तिने डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. पायात एकच चप्पल होती तीही पाहिली.

तोवर वरून अंजनी, सुजित आणि तेजल धावत येऊन पोचले होते. अंजनीच्या हातात उलथनं, सुजितच्या इस्त्रीच्या शर्टावर काजळी, आणि तेजल अर्धी सरळ, अर्धी कुरळी, मध्ये एक बट गायब. पाहुण्यांना दाखवायला घर तयार होतं!

"आई," मास्तर कसेबसे म्हणाले, "हे... हे सुजितचे वडील."

वरच्या मजल्यांवरचे सगळे कठड्यावर झुकून पाहत होते. अंजनीने डोळे मिटून घेतले. सुजितचा चेहरा असा झाला की जणू त्याचं लग्न आता समोरून, हात हलवत, बदलापूरच्या गाडीने परत चाललंय.

"आजी," शेलार म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही कमलेशच्या..."

"तोंड उघड," कमळाबाई म्हणाली.

"काय?"

"तोंड उघड म्हन्ते ना!"

शेलारांनी तोंड उघडलं. म्हातारीने मास्तरांच्या हातातला डबा उघडला. डबा ठोकून ठोकून पेढ्यांचा भुगा झाला होता. तिने त्यातली चांगली मूठभर घेतली आणि शेलारांच्या तोंडात कोंबली. गालफडं फुगेपर्यंत.

"शरद," ती मास्तरांना म्हणाली, "सुपारी फोड."

"आई?" मास्तरांचा विश्वास बसेना. "अगं, पण तू तर आत्ता म्हणालीस, देणार नाही म्हणून!"

"तवा भांडत व्हते रं. भांडनात मानूस काय बी बोलतो." म्हातारी काठी टेकत पायरीवर बसली आणि अंजनीने पुढे केलेलं पाणी गटागटा प्यायली. मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "माज्या जिवाला घोर व्हता. आपली अनुया तिखट, सासरा तापट. कसं निभायचं? म्हटलं, मानूस बघितल्याबिगर शब्द द्यायचा नाय. आज रिक्षावाल्यावर वरडनारा त्यो आवाज वळखला, मानूस बी बघितला. आरं, ह्याचा नुसता आवाज मोठा हाय! भांडनात गडी कच्चा हाय! मी म्हातारी, काळोखात, लोंबकळत व्हते, तरी मी जितले. अनुया तर हितं जिमिनीवर उभी ऱ्हाऊन भांडनार. तिला भ्या कसलं?"

वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळी वाजवली. बहुतेक कमलेशची बायको असावी.

अंजनीने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, ते सांगणं कठीण. सुजित वाकून म्हातारीच्या पाया पडला, तशी तेजलही पडली. म्हातारीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तुटलेल्या बटेपाशी थांबली आणि म्हणाली, "ही कुनी कापली?"

तेजलने बापाकडे बोट दाखवलं.

कच्चा! शेलारांच्या कानात तो एकच शब्द वाजत होता. राग टाळूपर्यंत चढला. अख्ख्या अंबरनाथात ज्याच्या आवाजाला रिक्षावाले दचकतात तो आनंदा शेलार, आणि कच्चा? सगळ्या सोसायटीसमोर? कमलेशच्या सासूसमोर? एक सणसणीत उत्तरही सुचलं होतं, असं की म्हातारी जन्मात विसरली नसती!

पण तोंड पेढ्याने गच्च भरलेलं होतं. ते रिकामं होईपर्यंत मंडळी लिफ्टमध्ये बसून वर पोह्यांना निघून गेली, आणि शेलार आपली दुसरी चप्पल शोधत जिन्याने एकटेच वर चढले.

पेढा चांगला होता. केशराचा.